अस्वलाचा पाठमोरा फोटो

तुमच्या घरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये डोळे मिटलेला एक तरी फोटो आहे का? बहुतेक नसेलच. घास तोंडात कोंबलेली आत्या, मानपानावरून फुगून बसलेला जावई, मंडपाच्या कोपऱ्यात रडून नाक लाल झालेला नवरीचा बाप, हे सगळे त्या दिवशी होते, कॅमेऱ्यासमोरही होते, आणि तरी अल्बममध्ये नाहीत. कुणीतरी तुमच्यासाठी त्यांना निवडून बाहेर काढलं आहे. नाशिक शहरात आणि निफाड, सायखेड्याकडच्या द्राक्षवाल्यांच्या कित्येक घरांत हे काम आयुष्यभर भास्करकाकांनी केलं. मनापासून केलं. आणि याच सवयीपायी एकदा त्यांनी एका डोंगरावरचं अस्वल कागदावरून नाहीसं केलं. पुढे त्यांनी जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहिते आहे.

काका गेल्याचं मला छापखान्यात कळलं. एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. कमलकाकूंचा फोन आला. "मुक्ता, अगं, जेवून जरा पडले होते… चहाला उठवायला गेले तर…" हातातल्या प्रुफात एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली होती. ते वाक्य संध्याकाळी काकांना वाचून दाखवायचं होतं. गेली दोन-तीन वर्षं माझं एकही पत्रक त्यांना न दाखवता छापायला गेलेलं नव्हतं. ते वाक्य मी तसंच ठेवलं… बरोबर आहे की चूक, हे अजून कळलेलं नाही.

आमचा छापखाना आणि काकांचा स्टुडिओ एकाच बोळात, समोरासमोर. माझे बाबा कामगार चळवळीतले. घरात मासिकं कमी, पत्रकं जास्त. 'धिक्कार' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होता, असं आई अजून सांगते. काका मूळचे येवल्याचे, पैठणी विणणाऱ्या घरातले. माग भावांकडे सोपवून कॅमेरा घेऊन नाशिकला आलेले. बाबांचं आणि त्यांचं कशावरच एकमत नव्हतं आणि रोज संध्याकाळी दोघं कॅरम खेळायचे. मोर्चाचे फोटो मात्र बाबा त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. मला एक मोर्चा चांगला आठवतो. मी बाबांच्या खांद्यावर, आणि काका स्टुलावर चढून ओरडतायत, "अहो, जरा हसा की! मोर्चा आहे, मयत नाही!"

"भास्करराव, आम्ही निषेध करतोय," बाबा म्हणाले.

"करा ना. पण मान वर करून करा. खाली बघून निषेध केला तर फोटोत सगळे चप्पल हरवल्यासारखे दिसतात."

पुढच्या ओळीतले कामगार हसले, माना वर झाल्या आणि फोटो निघाला. तो आजही छापखान्यात आहे. त्या दिवशी जे ओळीत मागे होते, ज्यांनी मान खाली घातली होती, त्यांचे फोटो कुठे गेले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडायला अस्वल यावं लागलं.

मग मोबाइल आले आणि स्टुडिओ ओस पडला. पासपोर्ट फोटो, कधीतरी जुन्या फोटोची दुरुस्ती, आणि दुपारभर काका दाराशी पेपर वाचत बसलेले. अशा एका दुपारी अनघा त्यांच्याकडे आली. अनघा सुरगाणा-पेठकडच्या डोंगरांमध्ये अस्वलांचा अभ्यास करते. तिकडची जंगलं दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे जळतात. जळलेल्या जंगलात अस्वलं टिकतात का, किती टिकतात, कुठे सरकतात, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी झाडाच्या बुंध्याला कॅमेरे बांधून ठेवतात. समोरून एखादं जनावर गेलं की ते आपोआप फोटो काढतात. त्यातला एक बंद पडला होता आणि कंपनीच्या दुकानाने हात वर केले होते. काकांनी तो डबा फिरवून फिरवून पाहिला. कडेला दातांच्या खुणा होत्या.

"हा चावलाय कुणी?"

"अस्वल."

"फोटो आवडला नसेल," काका म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.

त्या महिन्यात ते पहिल्यांदा अनघाबरोबर डोंगरात गेले आणि मग जातच राहिले. कमलकाकू म्हणायच्या, "लग्नं बंद झाली तेव्हा वाटलं, माणूस आता घरी बसेल. हा अस्वलांच्या वऱ्हाडात निघाला." काकूंचं खोटं नव्हतं. काका अस्वलांबद्दल वऱ्हाड्यांसारखंच बोलायचे. आपल्याकडच्या अस्वलाच्या छातीवर पांढरा पट्टा असतो. प्रत्येकाचा वेगळा, त्यावरूनच एक अस्वल दुसऱ्यापासून ओळखता येतं. पण अस्वल चालतं मान खाली घालून, वारुळं हुंगत. छाती दिसणार कशी? अनघाने वाचलं होतं की उंचावर काहीतरी वासाचं टांगलं तर ते मागच्या पायांवर उभं राहतं. काकांनी मंडपवाल्या मित्राकडून एक खांब आणला, वर मधात भिजवलेलं फडकं बांधलं, कॅमेरा समोर लावला. पहिलं अस्वल दोन पायांवर उभं राहून वर बघतानाचा फोटो त्यांनी बोळातल्या प्रत्येकाला दाखवला. "बघ, मान वर केली की नाही!" त्यांनी अस्वलांना नावंही ठेवली. कोळदऱ्याच्या डोंगरावर एक मादी होती, छातीवरचा पट्टा एका बाजूला घसरलेल्या हारासारखा. तिचं नाव करवली. "सगळ्यांच्या पुढे पुढे करते," काका म्हणायचे.

मीही त्यांच्याबरोबर जायला लागले. खरं सांगायचं तर अस्वलासाठी नाही, वणव्यासाठी. 'वणवा लागत नाही, लावला जातो' हे वाक्य मी आधीच लिहून ठेवलेलं होतं, फक्त लावणाऱ्याचं नाव हवं होतं. कोळदऱ्याखालच्या पाड्यावर काशीरामदादा राहतात, अनघाचे कॅमेरे बांधायला तेच बरोबर असतात. मी त्यांना थेट विचारलं, वणवा कोण लावतं?

"कोण म्हंजे? कधी कुणाची बिडी, कधी गवतासाठी. आन् मोहाखालचा पाला तर आम्हीच पेटवतो. फुलं दिसाया नको का वेचताना?" ते शांतपणे म्हणाले. "पण आपला जाळ आपल्याच झाडाखाली राहील, हे वाऱ्याला कुठं ठाऊक हाय?"

माझं वाक्य तिथेच अडकलं. काका गालात हसले. 

दोन उन्हाळ्यांपूर्वी कोळदरा जळाला. पूर्ण. आग विझल्यावर आम्ही वर गेलो तेव्हा चढावर पाऊल टाकलं की राख घोट्यापर्यंत यायची. जळून पांढऱ्या झालेल्या गोगलगायींचे शंख सगळीकडे विखुरलेले, आणि पानं नसल्यामुळे डोंगर इतका उघडा की पाड्यातली कोंबडी आरवलेली वर ऐकू यावी. काकांच्या खांबाचा बुंधा तेवढा उरला होता. एक कॅमेरा वितळून झाडाच्या सालीला चिकटला होता. काकांनी तो काढला नाही. म्हणाले, "राहू दे. त्याने शेवटपर्यंत बघितलंय."

प्रश्न एवढाच होता की करवली आणि बाकीची अस्वलं जगली का. आणि तो फक्त अस्वलांचा प्रश्न नव्हता. वनविभाग पुढच्या हिवाळ्यात काही निवडक डोंगरांवर जाळरेषा काढणार होता, म्हणजे गवताचा रुंद पट्टा आधीच साफ करून ठेवायचा, की आग त्याच्या पलीकडे जाऊ नये. ते काम आणि उन्हाळ्यातली रखवाली पाड्यातल्या माणसांनाच मिळणार होती. पण ज्या डोंगरांवर अस्वल असल्याची नोंद होईल, त्याच डोंगरांवर. नोंद नसेल तर कोळदरा पुढच्या वर्षी पुन्हा जळायला मोकळा, आणि पाड्यातली माणसं द्राक्षाच्या छाटणीला नाहीतर कांदा काढायला बाहेर जायला मोकळी. म्हणून उरलेल्या हिरव्या ओघळीत, न जळलेल्या वारुळांजवळ नवे कॅमेरे लागले. काका दर आठवड्याला पेठच्या एसटीने जाऊन त्यांतली मेमरी कार्डं आणायचे, स्टुडिओत बसून पाहायचे आणि अनघाकडे पोचवायचे.

वनविभागाच्या पहिल्या पाहणीचा निकाल आला. कोळदरा… अस्वल नाही.

मी पेटले. त्या रात्रीच पत्रक लिहून काढलं. मथळा होता 'कागदावर मारलेली अस्वलं'. ज्यांना डोंगर सोडून द्यायचाय त्यांना शून्य सोयीचं असतं, कार्यालयात बसून जंगल मोजता येत नाही, वगैरे. वाक्यं चांगली जमली होती. दुसऱ्या दिवशी पत्रकावर छापायला करवलीचा फोटो मागायला मी स्टुडिओत गेले. काकांनी पत्रक एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय आली तरी त्यांची नजर पत्रकावरच.

"मुक्ता," शेवटी ते म्हणाले, "हे शून्य कार्यालयाने नाही लिहिलं. मी लिहिलं."

मला कळेना.

"कार्डात अस्वल होतं. कॅमेरे लावल्यावर चार दिवसांनीच आलं होतं. पण पाठमोरं. पाठीवरचे केस जळून कातडी उघडी पडलेली. एकात नुसता मागचा पाय, एकात मान पुरती मातीत. मी काढून टाकले ते."

"काढून टाकले? का?"

"अगं, असा फोटो कुणाला दाखवायचा?" ते कळवळून म्हणाले. "बाईमाणूस ती. त्या अवस्थेत… मी आयुष्यात कुणाचा असा फोटो पुढे जाऊ दिला नाही. एखादा चांगला येईल म्हणून थांबलो होतो. अनघाकडे चांगलेच द्यायचे, असं माझ्या डोक्यात."

"पण पाहणीत चांगला-वाईट नसतो काका!"

"हे मला आता कळतंय, तुझं वाचताना," ते म्हणाले. कार्ड पुसून पुन्हा डोंगरावर गेलेलं होतं, त्यावर गवताचे हजार फोटो चढलेले होते. ते फोटो परत मिळणार नव्हते.

मी पत्रक घडी घालून पिशवीत ठेवायला लागले. त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं. "थांब. फाडू नको. छाप. फक्त कार्यालयाच्या जागी माझं नाव घाल. तुझ्या बापाने शिकवलंय ना, नाव घेऊन लिहावं म्हणून?"

पत्रकात आरोपीनेच आरोप सांगावेत, असं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मी भांडले. म्हटलं, अनघाला एकटीला सांगा, गवगवा कशाला? काका म्हणाले, "पाड्यातल्या लोकांचं काम जाणार आहे, आणि मी एकटीला सांगू?"

पाड्यावरच्या शाळेच्या ओसरीत बैठक झाली. वनविभागाचे साहेब होते, अनघा होती, पाड्यातले बायाबाप्ये होते. काका उभे राहिले. लग्नात शेकडो माणसांना हुकूम सोडणारा हा माणूस, त्या दिवशी त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. पण सगळं सांगितलं, काहीही न निवडता. अनघाचा चेहरा उतरत गेला. "काका, मी तुमच्या कार्डांवर डोळे मिटून विश्वास ठेवला," एवढंच ती म्हणाली, आणि मला वाटतं त्या वाक्याने त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "तुमचं खरं मानलं तरी पुसलेल्या फोटोवर नोंद कशी बदलू? पावसाआधी पुन्हा कॅमेरे लावा. काही मिळालं तर बघू."

मग मागून काशीरामदादा म्हणाले, "म्हंजे काका, इतके दिस आम्ही सायबांना शिव्या घालत व्हतो त्या तुमच्या निघाल्या!"

ओसरी हसली. साहेबसुद्धा हसले.

"परत द्या मला," काका म्हणाले.

"द्यायच्या काय त्यात? चला, कॅमेरे बांधू. ती हाय वर. वारूळ ताजं फुटलंय, मी सकाळीच बघितलं."

पत्रक छापलं गेलं. काकांच्या नावानिशी. बाबांनी स्वतः अक्षरजुळणी पाहिली आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या हातून निघालेलं ते पहिलं पत्रक, ज्यात मला कुणाचाही राग आला नव्हता.

त्यानंतर काकांनी कार्ड स्टुडिओत लावून पाहणं बंद केलं. डोंगरावरून आणायचं आणि तसंच अनघाच्या हातात ठेवायचं. मे महिन्याच्या अखेरीस एक कार्ड आलं तेव्हा मी तिथे होते. अनघा एकेक फोटो पुढे सरकवत होती. गवत. गवत. पाड्यातली गाय. वानर. पुन्हा गवत. काशीरामदादांची पाठ. मग एक काळा ढिगारा, अर्धा चौकटीबाहेर. अनघा थांबली. पाठमोरं अस्वल होतं. पाठीवर एका बाजूला केस विरळ, नवे, आखूड उगवलेले. आणि दुसऱ्या बाजूला दाट केसांत मुठी रोवून, आईच्या पाठीवर पोटावर पसरलेलं, कॅमेऱ्याकडे मागे वळून बघणारं… पिल्लू.

अस्वलाची आई पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. समोरून काढलेल्या उत्तम फोटोत ते पिल्लू दिसलंच नसतं.

"करवली!" मी ओरडले. "काका, तीच! तो भाजलेला डाग!"

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी मान हलवली. "करवली म्हणू नका. पाठ आहे. तो डाग मी पाहिलाय, पण मी पाहिलेलं मीच पुसलंय. छाती दिसली की मग म्हणू." अनघाने नोंदीत लिहिलं: अस्वल, मादी, पिल्लासह. ओळख पटलेली नाही. आणि मग तिने खुर्ची मागे सरकवून काकांच्या पाठीवर हात ठेवला. साहेबांनी शब्द पाळला. तेवढ्या नोंदीवर कोळदऱ्याचं नाव यादीत आलं.

त्या हिवाळ्यात पाड्यातल्या माणसांनी जाळरेषा काढली. मोह फुलला तेव्हा झाडाखालचा पाला पेटवायच्या ऐवजी बायकांनी जुन्या साड्या अंथरून पाहिल्या. फुलं त्यावर पडली, गोळा करायलाही सोपी गेली. या उन्हाळ्यात शेजारचा डोंगर पेटला, आग पट्ट्यापर्यंत आली आणि थांबली. आगीनंतर करवलीची छाती मात्र अजून कुठल्याच फोटोत दिसलेली नाही.

काका मात्र बदलले. सायखेड्याच्या एका ओळखीच्या घरचं लग्न त्यांनी आग्रहाखातर केलं, त्यांचं शेवटचं. अल्बमच्या अखेरच्या पानावर त्यांनी नवरीच्या बापाचा रडतानाचा फोटो लावला. तो गृहस्थ तणतणत स्टुडिओत आला. "भास्करराव, हा काय अवतार काढलाय माझा?" काका म्हणाले, "आठवडाभर ठेवा. नको वाटला तर आणून द्या, बदलून देतो." तो फोटो परत आला नाही.

दहाव्याला काशीरामदादा पाड्यावरून आले होते, पिशवीत वाळलेला मोह घेऊन. त्यांनीच काकूंना विचारलं, "काकांचा फोटो कुठला लावला?" आणि घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जगाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता. शेवटी अनघाने तिच्याकडचा एक दिला. कोळदऱ्यावरच्या कॅमेऱ्याने काढलेला. काका खांबाला फडकं बांधायला वाकलेत, तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, एक डोळा मिटलेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर. पूर्वीच्या काकांनी तो पाहताक्षणी पुसला असता. या काकांनी ते कार्ड न बघता अनघाच्या हातात ठेवलं होतं, म्हणून आज त्यांचा चेहरा आमच्याकडे आहे.

काकू अजून रोज संध्याकाळी स्टुडिओ उघडतात. भिंतीवर नटलेल्या नवऱ्या, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, सगळे मान वर करून हसणारे. त्यांच्या मधोमध तो पाठमोऱ्या अस्वलाचा मोठा फोटो आहे आणि त्याला लागूनच, हार घातलेले, एक डोळा मिटलेले काका. नवीन माणूस हमखास थबकतो. "हे काय लावलंय?" विचारतो. काकू सांगतात. सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा थरथरत नाही, हे परवाच माझ्या लक्षात आलं.

मी कागदावर वाढलेली मुलगी. राग कसा लिहायचा, ते मला घराने शिकवलं. खरं लिहायचं तर आधी आपल्याला नको असलेलंही ठेवून घ्यावं लागतं, हे या माणसाने शिकवलं, आणि शिकवताना एकदाही शिकवतोय असं वाटू दिलं नाही. काका, तुमचे उपकार फेडायचे नाहीत मला. जवळ ठेवायचेत.

वाचकांकडे एक मागणं आहे. आपल्या आसपासचा एखादा डोंगर या उन्हाळ्यातही जळेल. आग दिसली की सगळे व्हिडिओ काढतो आणि विझली की विसरतो. विझल्यानंतर एकदा तिथे जा. वारुळांपाशी, उरलेल्या झाडांपाशी, राखेत, जे दिसेल त्याचा फोटो काढा. पाऊल असेल, विष्ठा असेल, एखाद्या जनावराची पाठ असेल, नुसता हललेला काळा डाग असेल. जवळच्या वनकार्यालयात नेऊन दाखवा, जागा सांगा. आणि फोटो कितीही वाईट आला असला, तरी तो पुसू नका.